खर्ज, गंधार आणि जवारी : इंदूरमधल्या एका स्पीकर-जोडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतलं घर. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू गेली अनेक वर्षं गाणं शिकवतात. ओळख पटू नये म्हणून घराचे काही तपशील बदलले आहेत, पण स्पीकर, खोली आणि मापं जशी होती तशीच दिली आहेत.

ऐकण्याची खोली १४ बाय ११ फूट, उंची १० फूट. खाली कोटा फरशी, भिंती जाड आणि गुळगुळीत. समोरच्या आखूड भिंतीपाशी दोन स्पीकर, मागच्या भिंतीला टेकलेला दिवाण, मध्ये सतरंजी. संग्रह बहुतेक शास्त्रीय संगीताचा : उस्ताद अमीर खाँ साहेबांच्या तबकड्या, देवासच्या कुमारजींच्या, आणि काकूंच्या गुरूंच्या घरगुती बैठकींची ध्वनिमुद्रणं. अॅम्प्लिफायर जुना, ४० वॉटचा, पण उत्तम स्थितीत.

स्पीकर मात्र नवे होते. काकांच्या पुण्याच्या भाच्याने परदेशातून नावाजलेले, खालच्या सुरांसाठी सात इंची धातूच्या कोनचे वूफर आणि वरच्या सुरांसाठी एक इंची रेशमी डोमचे ट्वीटर मागवून दिले होते. मिस्त्रीने मरीन प्लायची, प्रत्येकी १८ लिटरची पेटी बनवली. पेटी पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी नळीचं भोक असलेली; पोर्टची वारंवारता ४८ हर्ट्झच्या आसपास. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचा आणि वरचा आवाज दोन युनिटांत वाटून देणारं जाळं, एका दुकानातून तयार घेतलेला. त्यावर ‘टू-वे, ८ ओहम, ३५०० हर्ट्झ’ एवढंच छापलेलं. एकेक वस्तू घेतली तर चांगली, महागडीसुद्धा.

अडचण

काकूंनी तीन तक्रारी सांगितल्या. त्या जशाच्या तशा लिहितो, कारण पुढचं सगळं काम याच तीन वाक्यांवर उभं आहे. (जवारी म्हणजे घोडीमुळे तंबोऱ्याच्या तारेला येणारा झणकार, खर्ज म्हणजे त्याची सर्वांत खालची तार.)

‘तंबोऱ्यातला गंधार दिसत नाही.’

‘जवारी पत्र्यावर वाजल्यासारखी वाटते.’

‘यांचा खर्ज छेडला की खोली फुगते, आणि तो विरतच नाही.’

काकांची चौथी तक्रार होती. तबकडी लावली की गाणं सुरू होण्याआधीच वूफरचा कोन आत-बाहेर डुलायला लागतो.

दुकानदाराने अॅम्प्लिफायर बदलायचा आणि जाड केबल घ्यायचा सल्ला दिला होता. काकांनी पैसे काढूनही ठेवले होते. पहिला निर्णय इथेच घ्यायचा होता : आणखी काही विकत घ्यायचं, की आधी मोजायचं? काकूंच्या तक्रारी इतक्या नेमक्या होत्या की प्रत्येकीमागे वेगळं कारण असणार, हे उघड होतं. केबल बदलून तीन वेगळ्या वारंवारतांवरची तीन वेगळी लक्षणं जात नाहीत. मोजायचं ठरलं.

मोजमाप

स्पीकर गच्चीवर नेला आणि दीड मीटर उंच घडवंचीवर ठेवला. मोजमाप पहाटे केलं, कारण तेव्हा वारा नसतो आणि रस्त्यावर गाड्याही नसतात. माइक एक मीटरवर. एवढ्या उंचीवर जमिनीवरून परतणारा आवाज थेट आवाजानंतर सुमारे ६.३ मिलिसेकंदांनी पोहोचतो. त्याआधीचा भाग कापून घेतला की साधारण १६० हर्ट्झच्या वरचा आलेख खोलीशिवायचा, निर्भेळ मिळतो. त्याखालचा भाग कोनच्या अगदी जवळ माइक धरून मोजायचा. ही पद्धत डॉन कील यांनी १९७४ मध्ये मांडली आणि आजही घरच्या घरी यापेक्षा सोपा मार्ग नाही.

तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, गंधाराची. काकांचा सूर काळी एक, म्हणजे षड्ज १३८.६ हर्ट्झ आणि खर्ज ६९.३. खर्जाच्या तारेत जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो तिचा पाचवा सहायक नाद, म्हणजे तिच्या पाचपट, ३४६ हर्ट्झ. आता पेटीकडे बघा. बॅफल, म्हणजे युनिटं बसवलेली पुढची फळी, २२ सेंटिमीटर रुंद आहे. लांब तरंगलांबीचा आवाज बॅफलला वळसा घालून मागेही पसरतो, आखूड तरंगलांबीचा पुढेच जातो. मोकळ्या जागेत हा फरक ६ डेसिबेलपर्यंत जातो, आणि त्याचा मध्य मीटरमधल्या रुंदीने ११५ ला भागलं की मिळतो : इथे सुमारे ५२० हर्ट्झ. तयार क्रॉसओव्हरमध्ये याची भरपाई अजिबात नव्हती. म्हणजे गंधार, पंचम, षड्ज, पुरुषी आवाजाचा सगळा गाभा उतरलेल्या बाजूला, आणि व्यंजनं चढलेल्या बाजूला. काकूंना गंधार ‘दिसत’ नव्हता तो याचमुळे.

दुसरी, जवारीची. धातूचा कोन आपल्या कामाच्या पट्ट्यात एखाद्या पिस्टनसारखा ताठ हलतो आणि तिथे तो खरोखर सुरेख असतो. पण एका वारंवारतेला तो घंटेसारखा गुंजतो. या वूफरचं ते शिखर ५००० हर्ट्झला, आजूबाजूपेक्षा ११ डेसिबेल उंच होतं. तयार क्रॉसओव्हर दुसऱ्या क्रमाचा (क्रम जितका वरचा, तितका उतार तीव्र). कागदावर ३५०० ची फिल्टर ५००० हर्ट्झला जेमतेम पावणेदहा डेसिबेल उतार देते. अकरातून पावणेदहा गेले, म्हणजे शिखर ट्वीटरच्या बरोबरीने उभं! शिवाय ते गणित ८ ओहमच्या रोधकाचं. वूफर काही रोधक नव्हे. व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा एकूण विरोध, ३५०० हर्ट्झला १४ ओहमच्या वर गेला होता आणि त्याला सपाट करणारं झोबेल जाळं बोर्डावर नव्हतंच. त्यामुळे प्रत्यक्ष उतार कागदावरच्याहून कमी होता. तंबोऱ्याच्या जवारीत वरच्या सहायक नादांची जी गर्दी असते, तिच्याबद्दल सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलं आहे. काळी एकच्या षड्जाचा छत्तिसावा सहायक नाद ४९९० हर्ट्झला पडतो. बरोबर शिखरावर.

याहून खोल गोष्ट तिसऱ्या हार्मोनिकच्या विकृतीची, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट वारंवारतेवर वूफर स्वतःच जो आवाज घालतो त्याची. १६७० हर्ट्झचा सूर वाजला की वूफरच्या चुंबकीय रचनेत जी तिसरी हार्मोनिक विकृती जन्मते, ती ५००० ला येते आणि कोनच्या गुंजनाने फुगते. क्रॉसओव्हर वूफरच्या अलीकडे असतो, विकृती वूफरच्या आत तयार होते. मूळ ५००० हर्ट्झचा संदेश कितीही गाळला तरी ही विकृती साधी फिल्टर थांबवू शकत नाही.

तिसरी, डुलणाऱ्या कोनची. पोर्टवाल्या पेटीत पोर्टच्या वारंवारतेखाली आतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो. तबकडी जराशी वाकलेली असली की १० हर्ट्झच्या खालची हालचाल सुईतून येते. आवाज ऐकू येत नाही, पण कोनचा प्रवास त्यातच खर्च होतो आणि गाण्यासाठी थोडाच उरतो.

खर्ज का फुगतो, याचं पूर्ण उत्तर गच्चीवर मिळालं नाही. ते खोलीत होतं.

समोरचे पर्याय

एक पर्याय हेच वूफर ठेवून क्रॉसओव्हर नवा करण्याचा होता. काकांना हाच हवा होता, आणि त्यात चूक काही नाही. वूफर महाग होते. पण तिसऱ्या हार्मोनिकचा प्रदेश टाळायचा तर वूफरला १५०० च्या आसपासच सोडावं लागतं, शिवाय ५००० वर खाचेची, म्हणजे तेवढीच वारंवारता कापणारी फिल्टर. ट्वीटरचा स्वतःचा अनुनाद ७०० हर्ट्झला. त्याच्या जेमतेम दुप्पट उंचीवर त्याला कामाला लावायचं, म्हणजे पुढे ठरलेल्या २२०० ऐवजी १५०० ला, तर तेवढ्याच आवाजासाठी डोमला दुपटीहून जास्त हलावं लागतं. ताण वूफरवरून उचलून ट्वीटरवर टाकला, एवढंच झालं असतं. खाचेची फिल्टर वूफरच्या ओळीत बसवली तर त्या वारंवारतेला अॅम्प्लिफायरच्या बाजूचा इम्पिडन्स वाढतो आणि विकृती काही प्रमाणात कमी होते, हे खरं. पण काही प्रमाणातच.

दुसरा पर्याय थ्री-वे : दहा इंची वूफर, मध्ये चार-पाच इंची युनिट. मोठ्या खोलीत, मोठ्या आवाजात याला तोड नाही. इथे मात्र खालचा क्रॉसओव्हर अडीचशे-तीनशे हर्ट्झला येणार, म्हणजे काकूंच्या सुराच्या, काळी चारच्या, मध्य सप्तकाच्या अगदी मधोमध. आवाजाचा गाभा दोन युनिटांत वाटून द्यायचा, आणि त्यासाठी मोठी कॉइल व मोठे कॅपॅसिटर लावायचे. आणि मिळणार काय? ४० हर्ट्झचा बास, जो या संग्रहात जवळपास नाहीच. या घरातला सर्वांत खालचा महत्त्वाचा सूर ६९ हर्ट्झचा होता.

तिसरा पर्याय डिजिटल : प्रत्येक युनिटला वेगळा अॅम्प्लिफायर आणि क्रॉसओव्हर प्रोसेसरमध्ये. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, असं माझं मत आहे. उतार, विलंब, भरपाई सगळं बसल्या जागी बदलता येतं. काकांनी तो एका वाक्यात नाकारला : ‘तबकडीचा आवाज मला आकड्यांतून फिरवून आणायचा नाही.’ ऐकणारे ते आहेत. पर्याय बाद झाला.

उरला चौथा : पेटी आणि ट्वीटर तेच ठेवायचे, वूफर कागदी कोनचे घ्यायचे, पोर्ट बंद करायचा, आणि क्रॉसओव्हर याच युनिटांसाठी, याच पेटीत मोजून बनवायचा. लहान बंद पेटी आणि आवाजासाठी घडवलेला क्रॉसओव्हर ही वाट जुनीच आहे. बीबीसीने सत्तरच्या दशकात प्रसारणाच्या गाडीत ठेवण्यासाठी घडवलेला एलएस३/५ए हा स्पीकर पाच इंची वूफरचा, बंद पेटीचा होता, आणि त्याचा क्रॉसओव्हर त्याच दोन युनिटांपुरता होता.

वूफरची निवड

सहा-साडेसहा इंची घ्यायचा की आठ इंची, यावर बरीच चर्चा झाली. आठ इंचीचा हलणारा व्यास सुमारे पावणेसतरा सेंटिमीटर. तेवढी तरंगलांबी २०५० हर्ट्झला येते. त्याच्या आसपासून वूफरचा आवाज एका झोतात जमायला लागतो, तर ट्वीटर त्याच ठिकाणी चहूकडे पसरवत असतो. गालिचे-पडदे असलेल्या खोलीत हे खपून जातं. कोटा फरशीच्या खोलीत बाजूला गेलेला आवाज परत येतो आणि कानाला सांधा कळतो. साडेसहा इंचीचा व्यास तेरा सेंटिमीटर, त्याची मर्यादा २६०० च्या पुढे. २२०० ला सोडायला तो योग्य.

कोन कागदाचा घेतला तो जुन्या आठवणींखातर नाही. कागदही गुंजतो, पण त्याच्या आतलं घर्षण जास्त असल्याने गुंजन बसकं आणि पसरट असतं. निवडलेल्या वूफरचा उंचवटा ४५०० हर्ट्झच्या जवळ, जेमतेम ३ डेसिबेलचा होता. शिवाय चुंबकाच्या खांबावर तांब्याची कडी होती. ती कॉइलच्या हालचालीबरोबर बदलणारा इंडक्टन्स दाबून धरते आणि मध्यपट्टीतली विकृती मुळातच कमी करते. किंमत धातूच्या वूफरच्या निम्म्याहून कमी. काकांना ते पटायला वेळ लागला.

वूफर आल्यावर आधी काही तास खालच्या सुरावर चालवले आणि मग त्यांचे थील–स्मॉल पॅरामीटर, म्हणजे पेटीच्या गणितासाठी लागणारे वूफरचे आकडे, मोजले. अनुनाद ३८ हर्ट्झ, एकूण क्यू (अनुनाद किती टोकदार याचा आकडा) ०.३८, समतुल्य आकारमान ३० लिटर, कॉइलचा रोध ५.८ ओहम. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेलं हे गणित बंद पेटीसाठी फार सोपं आहे. ३० ला १८ ने भागा, एक मिळवा, वर्गमूळ घ्या : १.६३. या आकड्याने अनुनादही वाढतो आणि क्यूही. पेटीत अनुनाद ६२ हर्ट्झ, क्यू ०.६२. क्रॉसओव्हरच्या कॉइलचा ०.४५ ओहम रोध धरला की क्यू ०.६६. तीन डेसिबेल उतार ६७ हर्ट्झला.

खर्ज ६९ ला, उतार ६७ ला. एरवी कुणी याला बास कमी म्हणेल. या खोलीत तेच हवं होतं, कारण पुढे दिसेल.

जुनी पेटी टिकली हा मोठा दिलासा होता. मिस्त्रीने पोर्टच्या भोकात लाकडी चकती बसवली, नव्या वूफरच्या चौकटीसाठी खाच थोडी वाढवली, आणि आत रजईत भरतात तो पॉलिएस्टरचा भराव सैलसर घातला.

जागा आधी, क्रॉसओव्हर नंतर

पेटी भिंतीपासून किती दूर राहणार हे ठरल्याशिवाय बॅफलची भरपाई ठरवता येत नाही. आधी पेटीमागे ३० सेंटिमीटर जागा होती आणि पेटीची खोली ३०. बॅफलपासून भिंत ६० सेंटिमीटर. मागे जाऊन परत येणारा आवाज १४३ हर्ट्झला थेट आवाजाच्या विरुद्ध पडतो आणि त्याला खातो, म्हणजे तिथे आलेखात खड्डा पडतो. काकांच्या षड्जापासून पाच हर्ट्झवर! पोर्ट मागच्या बाजूला असल्याने पेटी भिंतीला लावता येत नव्हती. आता पोर्ट बंद झाला होता. पेटी भिंतीपासून ८ सेंटिमीटरवर आणली, खड्डा २२५ च्या आसपास गेला आणि उथळ झाला, कारण वारंवारता वाढते तसा मागे जाणारा आवाज कमी होतो. खड्डा नाहीसा झाला नाही, काकूंच्या काळी चारच्या षड्जाच्या थोडा वर अजून आहे.

मग खर्ज. १४ फूट लांबीचा पहिला अनुनाद ४० हर्ट्झ, १० फूट उंचीचा ५६. लांबी आणि उंची दोन्ही मिळून होणारा अनुनाद या दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ : ६९.१ हर्ट्झ. काकांचा खर्ज ६९.३. खोली काळी एकमध्येच लावलेली होती. हा अनुनाद कुठल्याही वूफरने जाणार नव्हता आणि कुठल्याही क्रॉसओव्हरनेही नाही. मात्र त्याचा जोर मागच्या भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो, आणि दिवाण तिथेच होता. ऐकण्याची जागा साडेचार फूट पुढे आणली की त्या अनुनादाचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यात बंद पेटी पोर्टच्या पेटीपेक्षा त्या जागी सुमारे तीन डेसिबेल कमी देते. दोन्ही मिळून खर्ज जागेवर आला.

दिवाण हलवायला काकूंनी साफ नकार दिला. खोलीत शिकवणीही चालते. शेवटी ऐकण्यासाठी गादी पुढे सतरंजीवर घालायची असं ठरलं.

क्रॉसओव्हर

लक्ष्य ठरवलं : २२०० हर्ट्झ, लिंकविट्झ–रायली, चौथा क्रम. हेवलेट-पॅकार्डमध्ये काम करणाऱ्या सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या अभियंत्यांच्या नावाची ही पद्धत १९७६ पासूनची आहे. सांध्यावर दोन्ही युनिटं ६ डेसिबेल खाली आणि एका कलेत असतात (दोघांच्या लाटा बरोबरच चढतात-उतरतात), त्यामुळे बेरीज सपाट येते. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चौथा क्रम म्हणजे कानाला मिळणारा उतार. वूफर वरच्या बाजूला स्वतःच उतरतो, ट्वीटर खालच्या बाजूला. त्यांचा स्वतःचा उतार आणि विजेच्या जाळ्याचा उतार मिळून चौथा क्रम व्हायचा असतो. म्हणून वूफरला दुसऱ्या क्रमाचं जाळं पुरलं आणि ट्वीटरला तिसऱ्या क्रमाचं. वूफरची मुख्य कॉइल १.८ मिलिहेन्री, तिच्यानंतर आडवा कॅपॅसिटर १२ मायक्रोफॅरड, आणि झोबेल. ट्वीटरला ओळीत रोधक. हे आकडे दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या वूफरवर उपयोगाचे नाहीत. तयार बोर्डाची मूळ अडचण तीच होती.

कॉइल गावातच गुंडाळून घेतल्या. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे १.२५ मिलिमीटरची तांब्याची तार मिळते. जरा जास्त वेढे घालून घ्यायचे आणि मीटरवर बघत एकेक वेढा उतरवायचा. लोखंडी गाभ्याची कॉइल लहान झाली असती, रोधही कमी, पण मोठ्या आवाजात गाभा संपृक्त होतो. म्हणून हवेच्या गाभ्याच्या. बोर्डावर त्या एकमेकींना काटकोनात आणि दूर बसवल्या, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. कॅपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे.

अवघड भाग कलेचा. वूफरचं ध्वनिकेंद्र ट्वीटरपेक्षा सुमारे २५ मिलिमीटर मागे असतं. २२०० हर्ट्झची तरंगलांबी १५६ मिलिमीटर, म्हणजे ५८ अंशांचा फरक. तो भरून काढायला पेटी कलती ठेवायची तर जवळजवळ दहा अंश, जे काकूंना बघवलं नसतं. ट्वीटरच्या जाळ्याचे आकडे हलवून हा फरक सामावून घेतला. त्यासाठी दोन्ही युनिटांची मापं एकाच कालसंदर्भावर घ्यावी लागतात. साउंडकार्डाची एक वाहिनी स्वतःकडेच परत जोडली की तो संदर्भ मिळतो. तसं न करता घेतलेले आलेख दिसायला सुंदर, पण कलेच्या बाबतीत निरर्थक असतात. तपासणीसाठी ट्वीटर उलटा जोडला, आणि २२०० ला जवळपास २५ डेसिबेलचा खोल खड्डा पडला. सुलट जोडल्यावर बेरीज सपाट. जुळणी झाल्याची याहून सोपी खूण नाही.

गादीवर बसलं की कान खुर्चीपेक्षा सुमारे २० सेंटिमीटर खाली येतो. परदेशी आराखडे खुर्ची धरून केलेले असतात, आपल्याकडे बैठक असते. अडीच मीटरवरून हा फरक साडेचार अंशांचा. वूफर-ट्वीटरच्या केंद्रांमधलं अंतर १४.५ सेंटिमीटर असल्याने सांध्यावर २७ अंशांचा फरक पडतो आणि बेरजेत पाव डेसिबेलची घट. चालेल. जुन्या ३५०० च्या सांध्यावर हाच कोन जास्त महागात पडत होता.

शेवटचा निर्णय बॅफलच्या भरपाईचा. मोकळ्यावर ६ डेसिबेल हवेत, पण भिंत जवळ असल्याने काही भाग ती स्वतःच परत देते. गच्चीवर काकांच्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण सपाट माइकवर केलं. खोलीत केलं असतं तर खोली दोनदा ऐकू आली असती. मग अडीच, चार आणि सहा डेसिबेलच्या तीन जोडण्या काकूंना न सांगता ऐकवल्या, प्रत्यक्ष तंबोरा शेजारी ठेवून. सहाला त्या म्हणाल्या, ‘गंधार आहे, पण बंदिशीचे बोल मऊ पडले.’ अडीचला गंधार पुन्हा पातळ. चारला त्यांनी काही न बोलता शेजारचा तंबोरा उचलला आणि त्याच सुरात छेडायला लागल्या.

परिणाम

गच्चीवरच्या मापात २५० ते १०,००० हर्ट्झपर्यंत आलेख दोन डेसिबेलच्या आत. ४५०० चा उंचवटा ट्वीटरच्या पातळीपासून खूप खाली. वाकलेल्या तबकडीवरही कोन आता किंचितच हलतो, आतली हवा त्याला धरून ठेवते. जवारीचा पत्रा गेला. खर्ज गादीवर आटोक्यात असतो, दिवाणावर अजूनही थोडा फुगतो.

किंमतही मोजावी लागली. चार डेसिबेलची भरपाई म्हणजे तेवढ्याच आवाजाला अडीचपट वीज. वूफर ८७ डेसिबेलचा, पण पूर्ण स्पीकर ८३ चा. ४० वॉटवर एक मीटरला ९९ डेसिबेल मिळतात, घरगुती बैठकीला पुरेसे. मोठ्या हॉलमध्ये हा स्पीकर दमेल. नातवाला सिनेमाची गाणी लावली की बास कमी वाटतो, आणि ते बरोबर आहे : बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, तिथे ही पेटी बरीच उतरलेली असते.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी खोली मोजायला हवी होती. १४ आणि १० फुटांचं गणित पाच मिनिटांचं आहे. ते वूफर मागवण्यापूर्वी केलं असतं तर पोर्टवाल्या पेटीचा विचारच झाला नसता.

वूफर निवडताना तो किती खाली जातो हे बघितलं गेलं, तो कुठे बिघडतो हे नाही. उत्पादकाच्या आलेखात ५००० चं शिखर स्पष्ट छापलेलं होतं. सोबतच्या ट्वीटरला १५०० पर्यंत उतरता येतं का, हा प्रश्न त्याच वेळी विचारता आला असता. धातूचाच वूफर हवा होता तर मोठ्या डोमचा किंवा वेव्हगाइडमध्ये (उथळ कर्ण्यात) बसवलेला ट्वीटर घेऊन तो आराखडाही उत्तम झाला असता.

कॉइल गुंडाळण्याआधी डिजिटल प्रोसेसर उसना आणून सगळे उतार ऐकून बघता आले असते. काकांचा विरोध कायमस्वरूपी प्रोसेसरला होता, तालमीला नसता. तांब्याची बरीच तार वाचली असती.

पेटी जुनीच ठेवल्याने बॅफलच्या कडा धारदार राहिल्या आणि ट्वीटर बरोबर मधोमध. दोन्ही कडांवरून परतणारा आवाज एकाच वेळी येतो आणि ३००० च्या वर आलेखात एक छोटी लाट उरते. नवा बॅफल केला असता तर ट्वीटर एका बाजूला सरकवून आणि कडा गोल करून ती बरीच कमी झाली असती. काकांनी खर्चाच्या कारणाने तसं केलं नाही. जवारी ऐकताना ती लाट मला जाणवते, काकूंना जाणवत नाही.

धातूचे वूफर वाया गेले नाहीत. भाच्याने ते पुण्याला परत नेले. त्याच्या थ्री-वेमध्ये ते आता ४०० हर्ट्झखाली काम करतात.